शनिवारची खोव्याची जलेबी

नेपियर टाउनच्या त्या बँकेत कार्डाच्या तक्रारी म्हटलं की गुणवंतच. "हा खर्च माझा नाही हो!" असं ओरडत कोणी आलं की हा पठ्ठ्या आधी त्याला पाणी पाजायचा, मग दुकानदाराला आणि घरी फोन लावायचा. बहुतेकदा जावयानं नाहीतर मुलानंच कार्ड वापरलेलं निघायचं. मग नवं सॉफ्टवेअर आलं. तक्रार आली की ते स्वतःच ग्राहकाच्या मोबाइलवर विचारायचं, 'हा खर्च तुम्हीच केला का?' 'हो' आलं की तक्रार बंद. गुणवंतला नुसतं बघत बसायचं काम उरलं, आणि त्याचा त्याला भारी राग.

एका सोमवारी रांझीच्या जयाकाकू आल्या. त्यांचे यजमान नीलकंठराव, फॅक्टरीतून रिटायर झालेले, दिवाळीआधी वारले होते.

"भैया, यांच्या कार्डावर दर शनिवारी खोव्याची जलेबी कोण घेऊन राहिलं? आणि तुमची मशीन माझी तक्रार काहून बंद करून राहिली?"

"कार्ड कुठाय?"

"ग्वारीघाटला नर्मदेत अस्थींबरोबर सोडलं. मोबाइलही. त्यांचं त्यांच्यासोबत जावं म्हटलं."

"आणि बँकेला कळवलंच नाही? कमाल करता काकू!"

वैतागून त्यानं तक्रारी उघडल्या आणि अंगावर काटाच आला. दर वेळी नर्मदेत सोडलेल्या त्याच नंबरावरून 'हो' आलं होतं. त्यानं जुन्या सवयीनं दुकानात फोन लावला.

"नीलकंठ बाबूजी ना?" हलवाई म्हणाला. "शनिवार को आए थे. यहीं खड़े होकर खाई."

गुणवंतनं घाईनं फोन ठेवला. "काकू, मृत्यूचा दाखला द्या. आत्ताच्या आत्ता कार्ड बंद करतो."

काकूंनी पिशवीतून दाखला काढला, पण हातातून सोडेनात.

"शुगर होती ना त्यांना. शेवटी शेवटी एक जलेबी मागत होते, लहान पोरासारखे. मी डबा लपवला." त्या हुंदके देऊ लागल्या. "राहू दे भैया. खाऊ दे त्यांना. तक्रार परत घेते मी."

गुणवंत काही करणार तोच पडद्यावर ओळ उमटली : 'ग्राहकाने तक्रार मागे घेतली.' खाली नीलकंठरावांचा नंबर होता.

"झालं का?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"झालं," तो कसाबसा म्हणाला. त्याचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते.