पालीतली मोठ्यांची कार्टुनं

स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी सुटली आणि शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "कुठं निघालात?" खरं उत्तर होतं, "पालीला, प्रौढांसाठीची कार्टुनं बघायला." पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी भर एसटीत हे उच्चारायचा धीर होईना. "राजगड चढायला," मी म्हणालो. त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

बोलावणं माझ्या भाचीचं, मैत्रेयीचं होतं. ती मोठ्या माणसांसाठी छोटे अ‍ॅनिमेशनपट काढते. चौदा महिने राजगडाच्या पायथ्याच्या पालीत राहून तिनं एक पूर्ण केला होता आणि मित्रांच्या दोन फिल्मांबरोबर तो तिथल्याच समाजमंदिरात दाखवणार होती. माझ्या मते कार्टून म्हणजे उंदीर-मांजराची पळापळ. त्यात प्रौढांसाठी काय असणार, या विचारानं मला दोन दिवस उगाच लाजल्यासारखं झालं होतं.

मार्गासनीला उतरलो तर पालीकडे जाणारी जीप नुकतीच गेलेली. शेवटी खताच्या पोत्यांच्या टेम्पोत जागा मिळाली. ड्रायव्हरनं ओळखलंच. "पिच्चरला का? आमच्या गावातनं चार जन गेल्यात. घरी सांगितलंय, गडावर जातो म्हनून."

समाजमंदिराबाहेर फळ्यावर मैत्रेयीनं साध्या मनानं लिहिलं होतं: 'फक्त मोठ्यांसाठी'. त्या दोन शब्दांनी सबंध खोरं हललं होतं. खिडक्यांना अंधारासाठी वाकळा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) लावल्या होत्या. त्यानं संशय आणखी बळावला. गावचे पुढारी तात्या दारातच उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया.

"आधी कमिटी बगनार," ते म्हणाले. "सगळं बारकाईनं बगनार. मग बायामानसांना दाखवायचं का न्हाई, ते ठरवू."

कमिटी पाच जणांची. त्या सकाळी चाळीस भरली. पुढच्या रांगेसाठी ढकलाढकली झाली.

पहिल्या फिल्ममध्ये मातीचा एक विधुर म्हातारा चहा करायला शिकतो. दुसरीत दोऱ्याची एक बाई दवाखान्याच्या बाकावर आपलं नाव पुकारायची वाट बघत हळूहळू उसवत जाते. मागून कुणीतरी कुजबुजलं, "थांब, खरं पुढं आसंल." तेवढ्यात लाईट गेली, आणि ती आणायला जी धावाधाव झाली, तशी गावात पाण्याच्या मोटरसाठीही होत नसेल.

तिसरी फिल्म मैत्रेयीची. कोळशानं काढलेली, बिनसंवादाची. दोन भावांची खाचरं (भाताची शेतं), मधे एक बांध. एकाची पाठ वळली की दुसरा कुदळीनं आपल्या बाजूनं बांध थोडा तासतो. मग पहिला. वर्षं जातात, केस पांढरे होतात, बांध दोरीएवढा उरतो. एक दिवस तो फुटतो आणि दोन्ही खाचरांचं पाणी उताराला निघून जातं. दोघं म्हातारे कुदळी घेऊन उभे, आधी कुणी बोलायचं ते न कळून.

उजेड झाला तेव्हा चाळीस माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

तात्या उठले. "हे बायामानसांना दाखवायचं न्हाई."

"पण यात वाईट काय आहे?" मैत्रेयीनं विचारलं.

"वाईट न्हाई, म्हनूनच तर! घराघरात भांडनं लागत्याल."

मैत्रेयी खाली बसून वायर गुंडाळायला लागली. मी मामा, पुढं होऊन बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसला.

बोलल्या त्या रखमाबाई. मैत्रेयी त्यांच्याकडेच राहायची. गडावर जाणाऱ्यांना जेवण करून घालणं हा त्यांचा धंदा. दारातूनच म्हणाल्या, "तात्या, बांध तुमच्या नावावर आसत्याल, पर चिखलात आमी उभ्या ऱ्हातो. तीन वाजता आमी येनार. तुमाला येयाचं तर मागं बसा."

दुपारी त्यांच्या ओसरीवर पिठलं, नाचणीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा जेवलो. तीनला हॉल गच्च भरला. पुरुष जिथं गप्प बसले होते, नेमक्या तिथं बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आगं, ह्ये तर आमच्या घरचं!" एकजण ओरडली. "न्हाई, आमचं!" दुसऱ्या कोपऱ्यातून आलं. शेवटी रखमाबाईंनी मैत्रेयीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मार्गासनीपर्यंत मला तात्यांनीच मोटरसायकलवर सोडलं. वाटेत एका खाचराशी ते थांबले. बांध जेमतेम वीतभर रुंद होता.

"पावनं, खरं सांगा. त्या पोरीला माज्या भावाचं कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. आपापल्या भावावरून हाच प्रश्न आणखी चौघांनी मैत्रेयीला गाठून विचारला होता.

परतीच्या एसटीत मी या भोळ्या लोकांना मनातल्या मनात हसत होतो. नसरापूर येईतो हसू ओसरलं. घरी पोचताच बहिणीला, मैत्रेयीच्या आईला, फोन लावला.

"दादाचं आणि माझं गच्चीवरून बिनसलंय, ते तू मैत्रेयीला सांगितलंस ना?"

"कुठल्या गच्चीवरून?" ती म्हणाली.

मग तीन वर्षं आम्ही दोघा भावांनी तिच्यापासून लपवलेलं सगळं मलाच सांगावं लागलं. सांगून संपलं, तरी ती पुढचं ऐकायला थांबलीच होती.

"एवढंच?" तिनं विचारलं.