बोरकर भाऊजींचं पहिलं पान

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. भिलाईच्या हुडको कॉलनीत आमची आणि बोरकर भाऊजींची गच्ची एक, पाण्याची टाकी एक आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. अशा घरात राहिलं की वर्षभरात पोतंभर किस्से आपोआप साचतात. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे! मी फक्त कान बंद करत नाही, एवढंच.

तर हे किस्से एका पानाचे. हो, एकाच पानाचे!

बोरकर भाऊजी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. आता रिटायर. नाद एकच, जुनी पत्रं आणि त्यांवरचे टपालाचे शिक्के. दुर्ग-भिलाईच्या आसपासच्या गावांत प्लांट यायच्या आधी कोणते शिक्के होते आणि प्लांट आल्यावर कोणते आले, हे सगळं त्यांनी सोळा पानांत मांडलं. अशी पानं काचेच्या फ्रेममध्ये लावून स्पर्धेत ठेवतात. जज येतात, मार्क देतात. आणि या सोळांतलं पहिलं पान म्हणजे ओळखीचं. पुढे काय आहे ते सांगणारं.

मागच्या वर्षी भाऊजी स्पर्धेहून परतले ते फाईल काखेत मारून, आणि दारातच म्हणाले, "चहा नको." भाऊजी आणि चहा नको! मी लगेच वाटी घेऊन विरजण मागायला गेले.

"काय झालं हो, भाऊजी?"

"वैनी, जजनं लिवून देल्लं का पह्यल्या पानावरून काहीच समजत नाही."

"पन मागची पंधरा पानं तर होती ना? ते नाही पाह्यले त्यानं?"

"पाह्यले ना! पन कसे? पह्यल्या घासाले खडा लागल्यावर मानूस जेवते ना, तसे!"

*

यंदा नियम आणखी कडक झाला. फ्रेमा थोड्या, येणारे जास्त. म्हणून कमिटीनं पहिलं पान आधीच मागवलं. ज्याचं पान पसंत पडेल, त्यालाच फ्रेम.

आणि भाऊजींचा उजवा हात कापायला लागला होता. जुनं कार्ड चिमट्यानं उचलायचं, पानावर सरळ बसवायचं, कोपरे अडकवायचे, सगळं हाताचं काम. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज आला, बायकोला सांगत होते, "यंदा झालं तं झालं, कुंदा. पुढच्या सालचा हात मायाजवळ नाही."

माझा हात सुपातच थांबला.

*

पहिला मसुदा घेऊन भाऊजी मिश्राजींकडे गेले. मिश्राजी म्हणजे रिटायर मास्तर. त्यांच्या घरी दर रविवारी तिकिटं जमवणाऱ्यांची बैठक असते. आमच्या लोकांना कागद म्हटला की लग्नपत्रिकाच आठवते, त्याला कोण काय करणार! वर ‘श्री गणेशाय नमः’. खाली ‘सहर्ष सूचित किया जाता है’. आणि शेवटी ‘दर्शनाभिलाषी, समस्त बोरकर परिवार, हुडको’.

मिश्राजींनी पान उलटून मागची बाजू पाहिली आणि शांतपणे विचारलं, "बोरकरजी, भोजन का समय नहीं लिखा?"

घरी हे ऐकून कुंदाताई पदरात तोंड घालून हसल्या. भाऊजी हसले नाहीत. महिना गेला होता आणि पानावर फक्त गणपती उरला होता.

*

दुसरा मसुदा प्लांटचा. तीस वर्षं ज्या हातानं नोटशीट लिहिली, तो दुसरं काय लिहिणार? विषय. संदर्भ. संलग्न, पंद्रह पन्ने. आणि खाली ‘अवलोकनार्थ एवं उचित कार्यवाही हेतु प्रस्तुत’!

मिश्राजी म्हणाले, "ये जज के पास जाएगा कि जीएम साहब के पास?"

पण मग त्यांनी भाऊजींना समोर बसवून नीट सांगितलं. काय दाखवणार. कुठून कुठपर्यंत. कोणत्या क्रमानं. त्यातलं दुर्मिळ कोणतं. आणि स्वतः काय शोधून काढलं. बस. "जज के पास दो मिनट होते हैं, बोरकरजी. और पन्ने पर जो वादा करोगे, वो फ्रेम में दिखना चाहिए. नहीं दिखा तो समझो गए!"

भाऊजी घरी येऊन ही पाच वाक्यं पाढ्यासारखी म्हणत गच्चीवर फिरायचे. मला पाठ झाली, त्यांना कागदावर उतरवता येईनात.

*

मिश्राजींनी एक युक्तीही सांगितली होती. ज्याला तिकिटातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला पान वाचायला द्या आणि विचारा, काय समजलं?

असं माणूस शोधायला भाऊजींना लांब जावं लागलं नाही. भिंतीवर दोन थापा मारल्या, मी हजर!

घड्याळ नको म्हणाले. कुंदाताईंनी डाळीचा कुकर चढवला. दोन शिट्ट्या होईपर्यंत वाचायचं. मी तिसरा मसुदा वाचत होते आणि भाऊजी डाव्या हातानं उजवा हात दाबून समोर उभे. दहावीच्या परीक्षेलाही मला इतका घाम फुटला नव्हता.

दुसरी शिट्टी झाली.

"सांगा वैनी, मी काय दाखवून राहिलो?"

"तुमचे बाबा भंडाऱ्याहून आले. उतई गावात खोली घेतली. तिथून सायकलनं प्लांटात जायचे अन् घरी कार्ड लिवायचे."

"अन् शिक्के?"

"शिक्के होते काय त्यात?"

तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, गॅस बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

मग भाऊजींनी पेन्सिल घेतली आणि बाबांच्या सगळ्या ओळींवर एकेक करून रेघ मारली. हात इतका कापत होता की रेघेची नागमोड झाली.

"बापाले काढलं तुमी?" कुंदाताई म्हणाल्या.

"पानातून काढलं, कुंदा."

"मंग ठेवलं कुठं?"

दोन दिवस नवरा-बायकोचं बोलणं बंद. "मंदा, त्याइले सांग, जेवन झाकून ठेवलं." "वैनी, तिले सांगा, भूक नाही." दोघं एकाच खोलीत आणि मधे मी!

तिसऱ्या दिवशी भाऊजींनी कुंदाताईंसमोर पाचवं पान ठेवलं. बाबांनी उतईहून घरी पाठवलेलं पोस्टकार्ड, त्यावर जांभळ्या शाईचा उतईचा शिक्का. बाकी सगळे शिक्के काळे, हा एकटाच जांभळा. भोवती लाल चौकट, दुर्मिळ वस्तूला लावतात तशी. आणि पहिल्या पानावर त्याच्यासाठी एकच वाक्य: उतईचा जांभळा शिक्का, आजवर सापडलेला एकमेव.

कुंदाताईंनी वाक्य वाचलं, चौकट पाहिली, उठल्या आणि चहा ठेवला.

मिश्राजी तर खूशच झाले. "इसी एक लाइन पर फ्रेम मिलेगी!"

*

पान पाठवायला चार दिवस होते. मी फॉल-पिकोला दिलेली साडी आणायला खुर्सीपारला गेले. तिथं तुळसाबाई म्हणून म्हातारी आहे, आमच्याच भंडाऱ्याकडची. ती साडी शोधायला आत गेली आणि मी, सवयीप्रमाणे, तिचं घर पाहू लागले. दाराजवळ खिळ्याला लोखंडी तार, तारेत जुनी पत्रं ओवलेली. पूर्वी सगळ्यांकडे असायची तशी. मी सहज दोन-चार कार्डं वर सरकवली.

जांभळा शिक्का. उतई.

मी कार्ड पुन्हा खाली सरकवलं, साडी घेतली आणि घरी आले. आता काय करू? सांगितलं, तर पान गेलं. पान गेलं, तर फ्रेम गेली. आणि पुढच्या सालचा हात? माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे सगळ्या हुडकोला ठाऊक आहे, पण ही गोष्ट मी दीड दिवस दाबून धरली! भाजीत दोनदा मीठ पडलं. आमचे हे म्हणाले, "ताप आहे काय तुले?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर थाप मीच मारली.

भाऊजींनी सगळं ऐकलं. स्कूटर काढली, मला मागे बसवलं. खुर्सीपारला तारेपुढे भिंग धरून किती वेळ उभे राहिले देव जाणे. तोच शिक्का. तीच शाई.

"बाई, हे कार्ड मले द्याल काय? फ्रेमीत दोन्ही जोडीनं लावतो. मंग आनून देईन."

तुळसाबाई म्हणाली, "नाही, बाबू. तारेवरचं उतरवत नाही मी. लावनारा गेला."

भाऊजींनी हात जोडले. बाहेर आल्यावर मिश्राजींना फोन लावला. मिश्राजींचा आवाज मला दोन पावलांवरून ऐकू येत होता, "अरे, वो कार्ड उस तार से कभी उतरेगा ही नहीं! किसे पता चलेगा? लाइन मत छूना, बोरकरजी! वो लाइन गई तो फ्रेम गई!"

फोन ठेवून भाऊजी माझ्याकडे वळले.

"वैनी, हे आपन दोघांनीच पाह्यलं ना?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी माझ्या साडीच्या काठाकडे.



*

पान गेलं. त्यात काय लिहून गेलं, हे मला पंधरा दिवस समजलं नाही. भिंतीला कान लावून लावून कान दुखला, पण भाऊजी अवाक्षर काढत नव्हते. कुंदाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मले काय विचारतं? त्यानं दार लावून लिवलं."

मग एका सकाळी फोनवर मेसेज आला. भाऊजींच्या हातात फोन ठरेना, चष्मा सापडेना. कुंदाताईंनी फोन माझ्याकडे ढकलला, "तू वाच, मंदा!"

फ्रेम मिळाली होती.

त्या दिवशी पाचव्या पानावर कार्ड पक्कं बसवताना चिमटा भाऊजींनी धरला आणि भाऊजींचं मनगट कुंदाताईंनी. चार कोपरे, अर्धा तास. मी श्वाससुद्धा हळूच घेत होते. मग टेबलावरचं पहिलं पान पाहिलं. ‘एकमेव’ नव्हतं. तिथं लिहिलं होतं: उतईचा जांभळा शिक्का, माझ्या पाहण्यात दोन, दुसरा खुर्सीपारला एका घरी तारेवर आहे, तिथंच राहील.

*

स्पर्धेला मी गेले. न जाऊन कसं चालेल?

जज म्हणजे चष्मेवाल्या मॅडम, नागपूरकडच्या. दर फ्रेमपुढे दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. आमच्या फ्रेमपुढे आल्या, पहिलं पान वाचलं, पाचव्यापर्यंत गेल्या, आणि पुन्हा पहिल्यावर आल्या. दोन मिनिटं होऊन गेली. मिश्राजींनी डोळे मिटून घेतले. भाऊजींचा हात खिशात होता, पण खिसा हलत होता.

"बोरकर तुम्हीच?"

"होय, मॅडम."

"हे दुसऱ्या कार्डाचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"होय."

"ते तर कुणाच्या घरी तारेवर आहे म्हणता. ‘एकमेव’ लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मग का लिहिलंत?"

भाऊजींनी खिशातून हात काढला आणि एक पाऊल बाजूला सरकले. त्यांच्या मागे मी उभी होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या आमच्या शेजारी राह्यतात!"