अनसाबाईचा टाक

आमच्या आजेसासूबाई, अनसाबाई, एका विधवेवर जळायच्या. ऐकून हसू येईल, पण खरं आहे. स्वतःच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत, आणि जळायचं कुणावर, तर पांढऱ्या कपाळाच्या जावेवर.

जाऊ म्हणजे धुरपदा. दोघींच्या घरांमधे फक्त एक गोठा. धुरपदाचा नवरा चारचौघांसारखा घरात वारला, त्याचे दिवस झाले, आणि शिरूरच्या सोनाराकडून त्याचा टाक करून देवघरात बसवला. आम्हा धनगरांत घरातलं माणूस गेलं की चांदीच्या लहानशा पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून घेतात आणि देवांच्या रांगेत ठेवतात, तो टाक. देवघर थोरल्याच्या घरी, म्हणजे आमच्याकडं. त्यामुळं दर अमावस्येला धुरपदाच्या नवऱ्याला चिंचेनं घासून लख्ख करायचं काम अनसाबाईच्या वाट्याला. धुरपदा नैवेद्याचं ताट घेऊन यायची, पदर सावरून नवऱ्यापुढं बसायची, आणि आमची म्हातारी चुलीपाशी भांडी आदळायची.

तिच्या नवऱ्याचा पत्ताच नव्हता. भैरू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेत गेला. एकदा रजेवर येऊन गेला, तेवढ्यात माझे सासरे, ज्ञानदेव, पोटात राहिले. लढाई संपली, आसपासच्या गावांतले गडी परत आले, हा आलाच नाही. मेल्याची तार नाही, जगल्याचा निरोप नाही. जित्या माणसाचा टाक केला तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. म्हणून टाक केला नाही आणि कुंकूही पुसलं नाही. म्हातारी सत्तरीला आली तरी लग्नाकार्यात सवाशीण म्हणून तिचीच ओटी आधी भरायची. तेव्हा जळायची पाळी धुरपदाची. मी लग्न होऊन या घरात आले ती या दोघींच्या मधे, आणि कुणाची बाजू घ्यावी ते मला कधीच कळलं नाही.

दोन हजार दोन साली धुरपदाच्या नातवानं, पप्पूनं, स्लॅबचं घर बांधलं. टाइल्सचं देवघर केलं आणि धुरपदानं भावकीत विषय काढला. म्हणाली, ज्या घरचा कर्ता देवांत बसलाय त्या घरी देव असावेत, थोरल्या घरात देवांत बसलंय कोण? भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पुढल्या वर्षीच्या दसऱ्याला देव हलवायचे असं जवळजवळ ठरलंच.

त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. शंभू, माझा नवरा, कारेगावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला, तर ही दारातच बसलेली. त्याला म्हणाली, "तुझ्या आज्याला हुडीक. मेला आसंल तर मेला म्हणून आण. पर आण."

शंभूनं कंपनीतल्या एका साहेबाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला आणि फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. उत्तर यायला इतके महिने लागले की आम्ही अर्ज विसरलो होतो. भैरू शेचाळीस साली धडधाकट सुटला होता, आणि त्याला दौंडपर्यंतचा, म्हणजे आमच्या जवळच्याच स्टेशनचा, रेल्वेचा पास दिला होता, एवढंच त्यात होतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तो इटलीत पडला. मी म्हातारीला वाचून दाखवलं.

"दौंड?" म्हणाली. "हे हितलं दौंड?"

मग तिनं कुणालाही न विचारता सांगून टाकलं की बाई आहे. आम्ही म्हटलं, आजारी पडला असेल, वाटेत कुणी लुटलं असेल. तिनं ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून तिनं धुरपदाचा नाद सोडला आणि जिला पाहिलं नव्हतं तिच्यावर जळायला लागली. भाकरी थापताना मधेच विचारायची, गोरी असंल का गं? मला काय ठाऊक! पण तिला जिव्हारी लागलं होतं.

सुगी सरली आणि हेळवी आला. हे लोक पिढ्यान् पिढ्या घराघरांच्या वंशावळी सांभाळतात. बैलावरून येतात, अंगणात बसून कुळाची नावं वाचतात, धान्य घेतात आणि पुढच्या गावाला जातात. नेहमीचा म्हातारा हेळवी त्या साली वारला होता, त्याचा मुलगा पहिल्यांदाच आला होता. या घरचं त्या घरी बोलायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा मोठा नियम. म्हाताऱ्यानं तो जन्मभर पाळला असणार. पोरगं नवखं, त्यानं दिसेल ते वाचलं. भैरूचे मुलगे म्हणून ज्ञानदेवापाठोपाठ बन्सीचं नाव घेतलं.

म्हातारीला एकच मुलगा. अंगणातल्या सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. पोराला चूक कळली, ते उठायला लागलं, पण म्हातारी पायलीभर बाजरी घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली. गाव कळल्याशिवाय तिनं त्याला हलू दिलं नाही.

यवतच्या अलीकडची एक वस्ती निघाली. शंभूला सुट्टी नव्हती, सासरे मेंढरं घेऊन लांब गेलेले, म्हणून म्हातारीला घेऊन मीच निघाले. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी एस्टी. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं होतं. मला हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती.

बन्सी घरीच होता. माझ्या सासऱ्यांचंच नाक, तीच चालायची ढब. आम्ही शिरूरकडच्या, तुमच्या भावकीतल्या, एवढंच मी सांगितलं. त्यानं पाणी दिलं आणि आईला हाक मारली. आई म्हणजे ताईबाई, वाळकी, काळीसावळी म्हातारी, पांढऱ्या कपाळाची. तिच्या मागं देवघर दिसत होतं. देवांच्या रांगेत एक टाक होता, खांद्यावर बंदूक घेतलेला गडी. आमच्या म्हातारीची नजर तिथंच खिळली. म्हणजे भैरू गेला होता. आणि गेल्यावरसुद्धा दुसरीच्याच घरात बसला होता. मला त्या टाकाला दोन शिव्या हासडाव्याशा वाटल्या.

ताईबाईनं आम्ही कोण म्हणून विचारलं. म्हातारी म्हणाली, "मी अनसा."

ताईबाईचा हात गळ्यावर गेला. ती मागं सरत भिंतीला टेकली. तेव्हा मला दिसलं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक टाक होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. बाईचा होता.

ज्याची पहिली बायको मेली त्याच्या घरी दुसरीनं नांदायचं, तर तिला पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागतो. मेलेली सवत जळते, घरावर कोप करते, म्हणून तिला गळ्यात वागवायची आणि राजी ठेवायची. ताईबाईकडून कळलं, भैरू दौंडला उतरला तो तापानं फणफणलेला. स्टेशनवर कामाला असलेल्या ताईबाईच्या बापानं त्याला घरी नेलं, आणि बरं झाल्यावर पोरगी दिली. बायको मेली, असं भैरूनं सांगितलं होतं. का सांगितलं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

ताईबाईची आधीची दोन लेकरं दगावली. लोक म्हणाले, पहिली जळते. म्हैस आटली, पहिली जळते. ताईबाई बोलायला लागली ती थांबेचना. "पयलं लुगडं तुझ्या म्होरं ठिवलं, मंग मी नेसले. सणाला पयला घास तुझा. त्यो तर तुझ्या नावानं आधी वाढायला लावायचा, आन् मी मेलेल्या बाईवर जळत बसायची."

मी म्हातारीकडं बघितलं. ज्या वर्षांत ही लोकांच्या बांधावर खुरपत होती, फाटकं लुगडं दंड घालून नेसत होती, त्या वर्षांत इथं हिला नवी लुगडी दाखवली जात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आलं नाही.

जित्या बाईचा टाक वागवला, मोठं पाप झालं, असं म्हणत ताईबाई दोरा काढायला लागली. म्हातारीनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गळ्यात," म्हणाली. "मी मेले न्हाई, पर जळत हुतेच. तू भ्यालीस ती काय उगंच न्हाई."

परत येताना चौफुल्याच्या स्टँडवर, नळाखाली वाकून, तिनं स्वतःच कुंकू धुतलं. मी रुमाल पुढं केला तर तो घेतला नाही. घरी पोचलो तेव्हा धुरपदा गोठ्यापाशीच उभी होती. थोरल्या जावेचं कोरं कपाळ बघून तिनं असा हंबरडा फोडला की स्वतःचा नवरा गेला तेव्हाही फोडला नसेल. ज्या कुंकवावर जन्मभर जळली, ते गेल्यावर तिलाच घर ओकं वाटायला लागलं.

भैरूचे दिवस घातले. त्याच सोनाराकडून टाक करून घेतला, बंदुकीसकट. एकाचे दोन टाक दोन घरांत कसे, असं भावकीत कुणी तरी पुटपुटलं, पण म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं विषय बदलला. देव आमच्याच घरी राहिले.

दसऱ्याला देव उजळायला काढले. म्हातारीनं भैरूचा टाक चिंचेत बुडवला आणि घासायला बसली. हात असा चालत होता की मला त्या चांदीची दया आली. मी मदतीला सरकले तर कोपरानं मला बाजूला केलं. धुरपदा नेहमीसारखी ताट घेऊन आली, बसली, आणि आपल्या नवऱ्याची वाट बघायला लागली. तेव्हा म्हातारीनं धुरपदाच्या नवऱ्याचा टाक उचलला आणि तसाच काळपट तिच्या हातावर ठेवला.

"आता तुझा तू घास," म्हणाली. "मला माझा हाय."