डोळ्यांची आखणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही चिडून — आणि कोणावर चिडलोय ते ऐकत गेलात की कळेल.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. मूर्तींचे डोळे आखायचा तो माझा धाकटा भाऊ, नंदू. गिऱ्हाईक घासाघीस करत आत यायचं आणि त्या डोळ्यांपुढे गप्प व्हायचं. मग माळ्यावरून साचा उतरवताना तो पडला, पाठ गेली. दुखण्यावर दिलेल्या गोळ्या दुखणं थांबलं तरी सुटेनात. मिळेल तिथून, चोरून आणायचा. हात थरथरायला लागले.

रोह्याच्या एका डॉक्टरांनी त्याला माणसात आणलं. रोज जिभेखाली विरघळवायची एक गोळी, तलफ दाबणारी. नंदू जेवायला लागला, पोरीला शाळेत सोडायला लागला. नातेवाईक काय म्हणाले? एक व्यसन सोडलं, दुसरं धरलं! अरे, तुम्ही बीपीची गोळी जन्मभर घेता, तुम्हाला कोणी व्यसनी म्हणतं का? आजही डोकं फिरतं माझं.

पण — ते नुसते बोलले. केलं मी.

डोळे आखणाऱ्याने आंघोळ करून, निर्मळ अंगाने कुंचला धरायचा, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी नंदू न्हाऊन आला तेव्हा मी त्याला अडवलं.

"ती गोळी चालू हाय तोवर डोळ्यांना हात लावायचा नाय."

"दादा, डॉक्टर सांगतात, मनानं सोडायची नाय."

"मग रंग कालवत बस."

हे बोलताना माझ्या गालात तंबाखू होती. होती ना! कसलं सोवळं आणि कोणाचं?

उरलेल्या गोळ्या त्याने दुसऱ्या दिवशी माझ्या हातात आणून दिल्या. मी — लाज वाटते सांगायला — त्याची पाठ थोपटली. घामाने निथळत त्याने काही मूर्तींचे डोळे आखले. मग तलफेपुढे टिकला नाही. दुखण्यावरच्या त्या जुन्या गोळ्या पूर्वी घ्यायचा तेवढ्याच घेतल्या आणि सवय मोडलेल्या शरीराला त्या पेलल्या नाहीत. कारखान्याच्या मागे, साच्यांच्या ढिगाशी सापडला. मीच उचलला त्याला.

तेरावं उरकून मी रोह्याला गेलो. दवाखाना भरलेला होता. सगळ्यांसमोर ओरडलो, की तुमच्या औषधाने माझा भाऊ मेला. डॉक्टरांनी मला ओरडू दिलं. मग विचारलं, "गोळी बंद कोणी केली?"

"त्यानेच," मी म्हणालो.

उरलेल्या गोळ्या तेव्हाही माझ्या खिशात होत्या. तोंडावर फेकायला नेल्या होत्या, त्या बाहेर काढल्या नाहीत. बाकावर एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. त्याचेही हात थरथरत होते. माझं बोलणं ऐकून ती उठली, नवऱ्याला दंडाला धरलं आणि बाहेर घेऊन गेली.

मी दारातच उभा होतो. त्यांना जायला बाजूला सरकलो.