अल्टरनेटरवरचं कुंकू

राजगडाच्या पायथ्याला पाली गावात, मारुतीच्या देवळापुढं रत्नाची पिवळ्या पाटीची सात सीटर रोज पहाटे येऊन उभी राहते आणि सव्वासहाला नसरापूरला निघते. अंगणवाडीच्या सोनियाताई, कॉलेजच्या दोन मुली, आणि पायाच्या जखमेची पट्टी बदलायला जाणारे रखमाजीबाबा ही रोजची माणसं. शनिवार-रविवार गडावर येणारे ट्रेकर.

आधी जीप होती आणि ती नवरा, दत्ता, चालवायचा. त्याच्या मणक्यानं दगा दिला तेव्हा रत्ना चौतिशीची होती. ती गाडी शिकली, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. स्टँडवर गोरख आपल्या जीपला टेकून म्हणाला होता, "आता बाई गाडी चालवनार, म्हंजी आमी चालत गेल्यालंच बरं." रखमाजीबाबा सरळ रत्नाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ती सीट त्यांची झाली.

नवी गाडी तिनं पुण्यापलीकडं नगर रस्त्यावरच्या शोरूममधून घेतली. वॉरंटी तीन वर्षांची, पण काम निघालं की गाडी तिथंच न्यायची. जायचा-यायचा दिवस मोडायचा. तरी ती नेमानं न्यायची. "बाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी जाईल," असं त्यांनी सांगितल्यापासून ती बॉनेट फक्त पाणी बघायला उघडायची. अपवाद फक्त दसऱ्याचा.

दसऱ्याला घरातल्या विळ्या-खुरप्यांची पूजा झाली की सासूबाई, भामाबाई, गाडीकडं वळत. इतर लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात आणि हार घालतात. भामाबाईंना ते पटत नसे. जो काम करतो त्याला कुंकू, असा त्यांचा नेम. त्या बॉनेट उघडायला लावत आणि एकेका वस्तूकडं बोट करून विचारत.

"ह्ये काय करतंय?"

"इंजिन गार ठेवतंय, आत्याबाई."

मग त्याला बोट.

"आन ह्ये खालचं?"

"ते बॅटरी भरतंय."

"मंग त्याला दोन बोटं लावाया पायजेत की." आणि यंदा पार खाली कोपऱ्यात हात घालून त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची दोन बोटं ओढली, वर तांदूळ चिकटवले.

मार्गशीर्षात गाडी साखर गावाजवळ बंद पडली. बॅटरी उतरली होती. शोरूमनं गाडी तीन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला होता, वॉरंटीत नवा टाकला. कागदावर तसं लिहिलंही. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा बंद. परत नेली. तिथल्या सार्थक नावाच्या मुलानं कॉम्प्युटर बघून सांगितलं, "मॅडम, पार्ट नवाच आहे. तुमचा रस्ता खराब, घाटात गाडी दमते. चालवण्यावर पण असतं."

चालवण्यावर म्हटलेलं तिला लागलं. 

जानेवारीत वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले असताना गाडी मार्गासनी गावाच्या पुढं तिसऱ्यांदा थांबली. कॉलेजच्या मुलींची परीक्षा होती. मागून गोरखची जीप आली आणि सगळे तिच्यात बसले. रखमाजीबाबाही बसले, रत्नाकडं न बघता. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करून रत्नानं गाडी पालीला आणली, पण दुसऱ्या दिवशी सव्वासहाला देवळापुढं कुणीच आलं नाही.

त्याच दिवशी तिनं बॅटरी नसरापुरातून चार्ज करून आणली आणि दत्ताला म्हणाली, "उद्या जाते. न्हाई झालं तर मग गाडी इकायची."

"मी येते," भामाबाई म्हणाल्या. "येकटी गेलीस की तुला ग्वाड बोलून वाटंला लावत्यात."

बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी निघाल्यापासून रत्नानं इंजिन बंद केलं नाही. पंखा नाही, गाणी नाही, हॉर्नसुद्धा जपून. नसरापूरला बनेश्वराचं देऊळ आलं तशी तिनं उतरायचं टाळून बसल्या जागेवरूनच हात जोडले. भामाबाई म्हणाल्या, "देवाला सांग, येताना उतरून येतो."

शोरूममध्ये काचेच्या दारात सार्थक उभाच होता. त्याचं बोलणंही तेच होतं. "पार्ट बदललेला आहे, मॅडम. आता दुसऱ्यांदा वॉरंटीत बसणार नाही."

"माझ्यादेखत उघडून बघा," रत्ना म्हणाली. "मी सकाळपास्नं इंजिन चालू ठेवून आलीया. एवढं तर करा."

त्यानं एका वयस्क मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनं बॅटरी तपासली, मग गाडी वर उचलून टॉर्च लावून खालून बघितलं आणि सार्थकला खूण केली. सार्थकनं वाकून मोबाईलवर फोटो काढला आणि तो रत्नापुढं धरला. त्याचा चेहरा खुलला होता.

"हे काय आहे? कुंकू? इलेक्ट्रिक पार्टवर तेल आणि कुंकू? म्हणूनच खराब होतोय."

भामाबाई फोटो बघायला पुढं वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्याच लावलं, बाबा. दसऱ्याला."

"बघा. आजी खरं बोलल्या. दसऱ्यापासून हे तेल त्यावर आहे. अशानं वॉरंटी जातेच. चूक तुमच्याकडची आहे."

 क्षणभर रत्नाला वाटलं, झालं, आपल्याच हातानं झालं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांच्याकडं बघता बघता तिच्या डोक्यात महिने फिरले. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"दादा, ह्या कागदावर तारीख काय हाय?"

"सात डिसेंबर."

"त्या दिशी नवा टाकला म्हनता ना?"

"हो."

"दसरा कधी झाला?"

सार्थकची नजर पुन्हा कागदावरच्या तारखेवर गेली.

"दसऱ्याचं कुंकू डिसेंबरात टाकलेल्या नव्या पार्टवर आलं कुठनं?" रत्नाचा आवाज चढला नव्हता. "आत्याबाई काय हितं पुण्यात येऊन लावून गेल्या?"

मेकॅनिक तोंड वळवून हसला. मग त्यानं फडक्यानं पार्टची कड पुसली आणि त्यावरचा नंबर वाचला. कागदावरच्या नंबराशी तो जुळत नव्हता.

मॅनेजर आले. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला. ज्या मुलानं ते काम केलं तो नोकरी सोडून गेला, असं सांगितलं. "कुंकवानं काय बिघडत न्हाई ना?" रत्नानं विचारलं. मॅनेजरनी मेकॅनिककडं पाहिलं. "बाहेरच्या कवचावर आहे. त्यानं नाही बिघडलं," मेकॅनिक म्हणाला.

"मंग ह्ये आत्याबाईंना सांगा. आन नवा माझ्यादेखत टाका. कागदावर नंबर ल्हिवा, आन ह्याची वॉरंटी आजपास्नं धरल्याचं बी ल्हिवा."

"ग्राहकांना आत मनाई असते, ताई."

"मी ग्राहक म्हनून न्हाई, डायवर म्हनून उभी ऱ्हाते."

दोन तास ती गाडीजवळ उभी राहिली. नवा पार्ट खोक्यातून तिच्यापुढं बाहेर आला आणि त्याचा नंबर, वॉरंटीची आजची तारीख कागदावर चढली. जुना काढला तेव्हा भामाबाईंनी मेकॅनिकला थांबवलं. पदराचं टोक ओलं करून त्यांनी कुंकू पुसलं, तांदूळ वेचून मुठीत घेतले. "आता टाका कुटं टाकायचं ती."

निघताना त्यांनी कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली. सार्थक लांबून बघत होता. भामाबाईंनी नव्या पार्टकडं एकदा पाहिलं, आणि बोट बॉनेटला वरून लावलं.

"आत न्हाई?" रत्नानं विचारलं.

"नगं. ह्यास्नी सबब कशाला."

बनेश्वरला पोचायला चार वाजले. रत्नानं गाडी झाडाखाली घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दोघी दर्शन घेऊन आल्या. भामाबाई पुढं बसल्या, हात जोडून. रत्नानं किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तिनं पालीला फोन लावला आणि दत्ताला म्हणाली, "रखमाजीबाबांना सांगा, सकाळी सव्वासहा."