तारपा काढा, हात जोडा

मंडळी, आज डोकं फिरलंय. आमच्या पाड्यावरचे आजोबा तारप्यावर नव्या चाली बांधायचे. ते गेले, आता मुरबाडच्या चौकासाठी मी त्यांचा पुतळा करतोय. सकाळी पुतळ्याची समिती शहापुरात माझ्याकडे प्लास्टरचं मॉडेल बघायला आली.

अध्यक्ष म्हणाले, "गाल सुजल्यासारखे दिसतात. कमी करा."

मी म्हटलं, "साहेब, तारपा फुंकताना गाल फुगतातच."

"मग तारपा काढा ना. हात जोडलेले दाखवा, बरं दिसतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आजोबांची मुलगी तेवढी बोलली, "बाबा कोनापुढं हात जोडत नव्हता. दोनी हात तारप्यावरच असायचे."

मी मॉडेलला हात लावणार नाय.

तुमीच सांगा, आमच्या माणसाला चौकात उभं राहायचं तर हात जोडूनच का?