डायहाउसचं पाणी

तिच्या चंबूतलं निळं पाणी अर्ध्या तासात निवळलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. अंधेरीच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकाच टेबलावर पीएचडी करत होतो. विषयही जवळजवळ एकच होता: झाडाच्या पानांचा अर्क लोखंडाच्या क्षारात मिसळून नॅनोकण बनवायचे आणि कापडाच्या कारखान्यातून येणाऱ्या पाण्यातला रंग त्यांनी काढायचा. मी शेवग्याचा पाला घेतला होता, तिने फुटपाथवर पडलेली बदामाची पानं. तिचे कण बारीक, काळेभोर. माझ्या कणांचे गोळे होऊन तळाशी बसायचे.

आमच्या गाइड मॅडमनी तिची पाठ थोपटली. मी म्हटलं, "झकास यार!" आणि बाटल्या धुवायला निघून गेले. नळ मोठा सोडला, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही.

ती मुलुंडची मुलगी. आई प्राध्यापक, वडील डॉक्टर. माझे बाबा गिरणीत होते, ती बंद पडल्यावर कुरिअरच्या ऑफिसात लागले. फॉर्मवर त्यांच्या धंद्यापुढे मी कायम 'खाजगी नोकरी' लिहायचे.

प्रयोगशाळेत बनवलेल्या रंगाच्या पाण्यावर काम झालं, आता खरं सांडपाणी हवं होतं. ओळखीने एका डाइंगच्या कारखान्यातून तिने कॅन भरून आणला. पाणी जांभळंकाळं होतं. तिने आम्ल घालून त्यातला कापड रंगवताना पडलेला सोडा मारला, कण टाकले, वाट पाहिली. पाणी तसंच. तीनदा केलं, तीनदा तसंच. तिसऱ्यांदा ती रडली आणि मी तिला जवळ घेतलं. त्या दुपारी मी कँटीनमध्ये दोन प्लेट मिसळ खाल्ली. कित्येक महिन्यांत अशी भूक लागली नव्हती.

रविवारी ती आमच्या बोरिवलीच्या घरी आली, माझ्याकडची एक फाइल न्यायला. तिथून लॅबवर जायचं म्हणून पिशवीत त्या पाण्याची बाटली होती. ती फाइल चाळत असताना बाबांनी बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला.

"ह्यां पाणी डायहाउसचा," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"बावीस वर्सा काढलंय थंय."

मला ते गिरणीत होते एवढंच माहीत होतं. डायहाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या खात्यात, की दुसऱ्या कुठल्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबा खाली चटईवर बसले, ती त्यांच्यासमोर बसली. "रंग कापडार चढाक मीठ घालतत, बसाक सोडो. पयला पाणी येगळा, धुण्याचा येगळा. सगळा एकाच डब्यात कित्याक भरलस?"

"कारखान्यातल्यांनी गटारातून भरून दिलं, काका."

"मगे खळय आली त्यात. बोट लाव, बुळबुळीत लागतला. खळ आदी खाली बसाक होयी."

कापडाच्या सुताला लावलेली पिठाची खळ कणांना लपेटून बसत होती, म्हणून रंग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. तिला ते चटकन कळलं. ती वहीत भराभर लिहीत होती आणि बाबा वर्तमानपत्राच्या कडेला हौदांची चित्रं काढत होते. मी चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी कुणी वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर त्या कारखान्यात गेले. कुठल्या हौदातलं पाणी कधी घ्यायचं ते त्यांनी दाखवलं. तिने खळ आधी बसवून काढली, मग कण टाकले. पाणी अगदी स्वच्छ झालं नाही, फिकट पिवळसर राहिलं. पण झालं. तिचा फोन आला तो बाबांना.

"मला का नाही सांगितलंत हे कधी?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

ते जरा गोंधळले. "तुका ता आवडणा नाय, असा वाटला माका."

तिच्या प्रबंधात आभाराच्या पानावर मॅडमच्या खालोखाल बाबा होते. त्या पानाची झेरॉक्स त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली. मी तिच्याशी दोन महिने कामापुरतंच बोलले. तिने कारण विचारलं, तर म्हटलं, "काही नाही गं, डोकं दुखतंय."

माझे कण मात्र अजून तळाशीच बसत होते. शेवटी एका सकाळी मी माझी छोटी बाटली बाबांपुढे धरली. त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात फिरवून फिरवून बघितली. मी शाळकरी पोरीसारखी वाट बघत उभी राहिले.

"माका पाल्यातला काय कळणा नाय गो," ते म्हणाले. "तिकाच इचार."

तिला विचारणं जिवावर आलं होतं. तरी विचारलं. ती टेबलापाशी आली, माझ्या पातेलीत डोकावली. "खदखदवतेस कशाला इतकं? वाट लागते ना अर्काची. सावलीत वाळव पाला, नुसता गरम पाण्यात ठेव."

मी पाला वाळत घातला. तिने सांगितलं होतं तसाच.